कोरा ठोकळा

धाकट्याला यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू. म्हणजे पुढे त्याला कुणी उगाच राक्षस म्हणायला नको आणि उगाच बिचाराही म्हणायला नको. त्याला मिळणार होती हातांची खुर्ची. खिडकीसमोरची जागा, जिथून बाराही फलाट एका नजरेत येतात. सकाळची पाळी, म्हणजे गर्दीची, म्हणजे मानाची. आणि हुद्द्याच्या आधी 'मुख्य' हा शब्द. पगारात पडणारा फरक सांगण्याजोगा नव्हता. एवढ्याशासाठी माणूस कुठवर जाईल, असं ज्याला वाटतं, त्यानं चौदा वर्षं बिनहाताच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसून बघावं.

बसस्थानकाच्या उद्घोषणा कक्षात ही दोन माणसं. स्थानकातले सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. नात्यानं ते कुणीच नव्हते. थोरला एकतीस वर्षं माईकवर होता. त्याचा आवाज इतका सरावाचा झाला होता, की चहावाला त्याची पहिली घोषणा ऐकून चुलीवर दूध चढवायचा. धाकटा त्याच्या हाताखाली तयार झाला. त्याला 'दादा' म्हणायचा, त्याच्या बायकोला 'वहिनी'. थोरल्यानं त्याला हातचं राखून काही शिकवलं नाही. फलाटाचा आकडा सांगायच्या आधी श्वास घे, लोक तेवढ्यात पिशव्या उचलतात. आणि गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर खाऊ नकोस, बाकावरची म्हातारी शेवटच्या अक्षरालाच उठते.

एका गोष्टीत मात्र थोरला कंजूष होता. घरी तो बोलत नसे. "आवाज जपायचा असतो," हे लग्नानंतर आठवडाभरात सांगून झालं आणि पुढची एकतीस वर्षं तो ते पाळत आला. संध्याकाळी गळ्याला रुमाल, पुढ्यात कोमट पाणी. बायकोनं विचारायचं, त्यानं मान हलवायची. तिनं सगळा संसार त्या मानेवर केला. गावोगावच्या अनोळखी माणसांना तो रोज तीनशे वेळा प्रेमानं गाडी सुटायची वेळ सांगायचा. स्वतः रात्री किती वाजता येणार, ते तिला शेजारीण सांगायची.

तर अशा माणसाची एके सकाळी पावणेआठच्या गाडीला जीभच जड झाली. गावाचं नाव अर्ध्यात विरघळलं, आकडा ओठाच्या कोपऱ्यातून सांडला. फलाटावर लोक हसले, सकाळीच घेतली वाटतं म्हणाले. धाकट्यानं धावत येऊन माईक ओढला, घोषणा पूर्ण केली आणि मग मागे वळून दादांना सावरलं. आधी बस सोडली, मग डॉक्टर बोलावला. तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं: बघा, काम कसं अंगात भिनलंय.

मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय चार दिवसांत ताळ्यावर आले. बोलणं आलं नाही. इस्पितळातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नवरा-बायको दोघांना आणि सोबत आलेल्या धाकट्याला समोर बसवून सांगितलं, की शब्द सगळे शाबूत आहेत, फक्त त्यांना बाहेर आणणारी जीभ पांगळी झाली आहे. मग त्यांनी थोरल्याच्या जिभेवर मटाराएवढ्या दोन टिकल्या चिकटवल्या, खालच्या दातांपाशी एक, आणि त्याला बोलायला लावलं. पडद्यावर दोन रेषा धावू लागल्या. एक जबड्याची, एक जिभेची. दोन्ही डोंगरासारख्या वरखाली होत होत्या.

वहिनीला बरं वाटलं. म्हणाली, हलतेय की जीभ.

बाईंनी एक कळ दाबली. जिभेची रेषा झोपली.

"काका, बसमध्ये बसून माणूस या गावाहून त्या गावाला जातो," बाई म्हणाल्या. "म्हणून तो चालला असं तुम्ही म्हणाल का? तुमची जीभ जबड्यात बसून प्रवास करतेय. जबडा वर गेला की तीही वर. जबड्याचं वजा केलं, तर तिचं स्वतःचं चालणं हे एवढं."

थोरल्याला ते लगेच कळलं. बसचं होतं.

इलाज म्हणून बाईंनी एक ठोकळा दिला. कडक रबराचा, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, गिळला जाऊ नये म्हणून दोरा बांधलेला. तो दाढांमध्ये चावून धरायचा, म्हणजे जबडा जागच्या जागी अडकतो, आणि मग बोलायचं. जिभेला दुसऱ्याच्या खांद्यावर बसायची सोय उरत नाही, झक मारत चालावं लागतं. रोज चाळीस मिनिटं. आवाज घाणेरडा येईल, लाळ गळेल, महिनाभर वाटेल की आपण आणखी बिघडलो. तरी ठोकळा काढायचा नाही. सोबत एक वही. तारीख, वेळ, ठोकळ्यासह की ठोकळ्याविना, सराव घेणाऱ्याची सही. आणि दर रविवारी घरच्यांची.

वहीचं महत्त्व आगारप्रमुख साहेबांनी सांगितलं. नियम असा, की चार महिने रजा. त्यानंतर बाई चाचणी घेऊन लिहून देतील. सराव पुरा झालेला नसेल किंवा सुधारणा दिसत असेल, तर रजा आणखी वाढेल आणि खुर्ची राखून ठेवली जाईल. सराव पुरा होऊनही जीभ हललेली नसेल, तर बदली. थोरल्यानं मान हलवली. त्याला जगात तेवढी एकच खुर्ची हवी होती.

सराव कोण घेणार, हा प्रश्न निघायच्या आत धाकटा उभा राहिला. सकाळची पाळी आता मीच करतोय, दुपारी रोज येत जाईन, दादांनी मला बोलायला शिकवलं, आता मी त्यांना शिकवतो. वहिनीचे डोळे भरून आले. चांगलं वाक्य होतं. ते त्यानं पुढे स्थानकातही दोन-तीनदा वापरलं.

पहिले सहा दिवस ठोकळा दाढेखाली होता. बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. थोरला घशातून काहीतरी ओढून काढल्यासारखा घरघरायचा, हनुवटीवरून लाळ सदऱ्यावर यायची, वहिनी रुमाल घेऊन समोर बसायची आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. शेजारणीनं विचारलं, तुमच्याकडे कुणाला बांधून ठेवलंय का. सातव्या दिवशी वहिनी धाकट्याला दारात गाठून म्हणाली, की हे मला ऐकवत नाही, बाईंना विचारून बघा, ठोकळ्याविना चालेल का.

धाकटा दुसऱ्या दिवशी आला तो हसत. बाईंना फोन केला होता, म्हणाला. चालेल म्हणाल्या. मोकळ्या तोंडानं केलं तरी तेच.

आणि काय सांगावं, चमत्कार झाला. ठोकळा निघाल्याबरोबर थोरल्याचं बोलणं समजू लागलं. जबडा गाडीच्या बॉनेटसारखा उघडझाप करायचा, शब्द हळूहळू यायचे, पण यायचे. धाकटा मांडी थोपटून दाद द्यायचा. वा दादा, काय सुटलंय अक्षर. दोन महिन्यांत माईकवर दिसता बघा. एकतीस वर्षांत थोरल्याला कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. घोषणेला कोण टाळी वाजवतं? तो फुलला. आणि चाळीस मिनिटं झाली, धाकटा गेला, की उरलेली हौस तो बायकोवर भागवायचा. तिला विचारायचा, आज काय केलंस. तिच्या बहिणीचं कसं चाललंय. एका संध्याकाळी त्यानं तिला स्थानकातल्या एका हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगितली, एकोणीस वर्षांपूर्वीची. सांगायला पाऊण तास लागला. तिच्यासाठी ती ताजी बातमी होती.

वही धाकटाच भरायचा. त्यात रोज 'ठोकळ्यासह' लिहायचा.

वहिनी दर रविवारी सही करायची. तिला वाचता येत होतं. पहिल्या रविवारी सहा दिवस खरे होते. दुसऱ्या रविवारी तिनं शब्द वाचला, धाकट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, बाईंनीच सांगितलंय, कागदावर एकसारखं असू द्या. तिनं पेन हातात धरून ठेवलं. तेवढ्यात आतून थोरल्यानं हाक मारली. तिच्या नावानं. एवढ्या वर्षांत तो तिला टाळी वाजवून बोलवायचा. तिनं सही केली आणि आत गेली. पुढचे पंधरा रविवार तिनं शब्द वाचायची तसदी घेतली नाही.

पंधरा दिवसांनी एकदा तिघं बाईंकडे जात. बाई ठोकळा लावून बोलायला सांगत, थोरला अडखळे, त्याला वाटे ही नुसती चाचणी आहे. बाई वही बघत, मग त्याच्याकडे बघत. रोज चाळीस मिनिटं करता ना काका? तो मान हलवी. चाळीस मिनिटं खरीच होती. ठोकळ्याचं बाईंनी तोंडानं विचारलं नाही, कारण ते वहीत लिहिलेलं होतं; आणि थोरल्यानं सांगितलं नाही, कारण ते फोनवर ठरलेलं होतं. वाटेत तो बसमध्ये धाकट्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपे.

चार महिन्यांनी पुन्हा टिकल्या, पुन्हा दोन रेषा. जबड्याची रेषा आता पहिलवानासारखी उड्या मारत होती. बाईंनी कळ दाबली. जीभ होती तिथेच झोपलेली. बाईंनी एक उसासा टाकला आणि लिहिलं, की सांगितलेला सराव नियमाप्रमाणे पूर्ण होऊनही जिभेच्या स्वतंत्र हालचालीत फरक नाही, पुढे सुधारणेची शक्यता कमी. खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांच्यापुढे जे ठेवलं होतं, त्याचा तोच अर्थ होत होता.

थोरल्याची बदली झाली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथे बोलावं लागत नाही. छत्री बघायची, माणूस बघायचा, छत्री द्यायची. खोलीच्या छताला कर्णा होता. त्यातून दिवसभर धाकट्याचा आवाज यायचा. फलाटाच्या आकड्याआधी श्वास, गावाचं शेवटचं अक्षर पूर्ण. शिकवणीत खोट नव्हती.

प्रामाणिक माणसाला नसत्या वस्तू परत करायची खोड असते. तिसऱ्या आठवड्यात थोरल्याच्या मनात आलं, ठोकळा इस्पितळाचा आहे, आपल्याला आता लागणार नाही. तो एकटाच निघाला आणि ठोकळा बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी तो उचलला. उलटा केला. उजेडात धरला.

"हा नवा घेतलात का, काका?"

"नाही. तोच."

"चार महिने दाढेखाली असता तर यावर दातांचे खड्डे पडले असते. जुना पेशंट ठोकळा आणून देतो, तेव्हा तो कुत्र्यानं चघळल्यासारखा दिसतो." त्यांनी ठोकळा त्याच्यापुढे धरला. एका कडेला सहा दिवसांची फिकट खूण होती, बाकी कोरा. "हा तर दुकानातून आल्यासारखा आहे."

मग फोनचं निघालं. बाईंना कुठलाही फोन आलेला नव्हता. मग वही निघाली. थोरल्यानं चष्मा लावून ती पहिल्यांदा वाचली. धाकट्याचं अक्षर तो ओळखत होता, वेळापत्रकांवर चौदा वर्षं पाहिलं होतं. ते वाचताना त्याचा चेहरा फार बदलला नाही. पण रविवारच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं. एक, दोन, तीन असं करत ते सतरापर्यंत गेलं.

बाई भल्या होत्या आणि स्वतःवर चिडल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे साहेबांना पत्र लिहिलं, की वही खोटी असल्याचं दिसतं, इलाज झालेलाच नाही, तेव्हा जीभ सुधारणार नाही हा निष्कर्ष मागे घेते. मात्र कार्यालय खात्री करणार, वहीवर सह्या करणाऱ्यांना विचारणार. त्या दोघांनी खरं कबूल केलं, की रजा वाढलीच म्हणून समजा, असं बाई म्हणाल्या.

घरी त्यानं बायकोला समोर बसवलं आणि विचारलं. ती नाकबूल झाली नाही. पदराशी चाळाही केला नाही.

"तुमचा आवाज परत आला असता, तर तुम्ही तो पुन्हा जपायला लागला असता," ती म्हणाली. "मला काय, परत मान?"

त्यानं तिला सांगितलं, की मंगळवारी चौकशी आहे, तू खरं काय ते सांग, बाकी मी काही मनात ठेवणार नाही. तिनं त्याच्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, बरं. त्या 'बरं'वर तो मंगळवारपर्यंत जगला. संध्याकाळी त्यानं तिला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही तिनं पूर्ण ऐकली.

मंगळवारी साहेबांच्या खोलीत चार माणसं. साहेब, थोरला, वहिनी, आणि दाराजवळ धाकटा. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं आदल्या रात्रीच ठरवलं होतं, की वहिनीनं खरं सांगितलं तर आपणही पाय धरायचे. बाई आल्या नव्हत्या, त्यांचं पत्र आलं होतं. साहेबांनी पत्र बाजूला सारलं, ठोकळा तळहातावर खेळवला, रबर चांगलं आहे म्हणाले, आणि मग थोरल्याला म्हणाले, बोला.

थोरला चार दिवस मनात घोळवून आला होता. पण ज्या बोलण्याला चाळीस मिनिटांच्या सरावात दाद मिळत होती, ते सावकाशीचं बोलणं होतं. इथे त्याला राग आला होता. रागाला वेग लागतो आणि जबड्याला वेग झेपत नाही. दुसऱ्या वाक्याला शब्द एकमेकांवर चढले, चौथ्याला नुसता आवाज उरला. जबडा उघडत होता, मिटत होता, आणि आत जीभ सामानासारखी पडून होती. तो थांबला नाही. बोट वहीवर आपटत सगळं शेवटपर्यंत बोलला.

साहेबांना एक अक्षर कळलं नाही. त्या खोलीत त्याचं बोलणं कळणारी दोनच माणसं होती. चार महिने रोज ऐकून त्यांचे कान तयार झाले होते.

"वहिनी," साहेब अदबीनं म्हणाले, "काय म्हणतायत?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घामाघूम होऊन तिच्याकडे पाहत होता, अजिबात काळजी नसल्यासारखा. आपलं माणूस आहे, आता सांगेल.

"म्हणतायत, सराव रोज केला," ती म्हणाली. "पण देवानं यश दिलं नाही. माईकवाचून जीव रमत नाही, एवढंच आहे त्यांचं. सह्या माझ्याच आहेत."

साहेबांनी दाराकडे बघितलं. "बरोबर?"

धाकट्यानं थोरल्याकडे न बघता मान हलवली. एकदाच. थोरला घरी हलवायचा तशी.

थोरला पुन्हा काही बोलायला गेला. साहेबांनी त्याच्या हातावर थोपटलं, कळतंय मला दादा, कळतंय, आणि चहा मागवला. बाईंच्या पत्रावर त्यांनी शेरा मारला, की कुटुंबीयांचे म्हणणे वहीशी जुळते, बदली कायम. ठोकळा कुणाचा हे न कळल्यानं त्यांनी तो नियमाप्रमाणे हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत पाठवून दिला.

तिथे थोरल्यानं त्याला चिठ्ठी लावली नाही, फडताळात ठेवला नाही. दुपारी खोली रिकामी असते. छत्र्यांच्या मागे स्टूल टाकून त्यानं तो दाढेखाली धरला. लाळ गळाली, रुमाल स्वतःच लावला. वर कर्ण्यातून एकेका गावाचं नाव यायचं आणि खाली तो ते घरघरत म्हणायचा. रोज चाळीस मिनिटं. वही नाही, सही नाही, 'वा' म्हणणारं कुणी नाही. आठ महिन्यांनी बाईंनी टिकल्या लावून कळ दाबली, तेव्हा जिभेची रेषा उभी राहिली. पहिलवान नव्हती, पण स्वतःच्या पायांवर होती. बाई खूश होऊन म्हणाल्या, आता बोला, काहीही बोला. थोरल्यानं पावणेआठच्या गाडीची घोषणा केली. शेवटच्या अक्षरासकट. बाहेरच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली, मग इस्पितळ आठवून खाली बसली.

खुर्ची आता मोकळी नव्हती, आणि नियमात आणखी एका पत्राची सोय नव्हती.

मग कुणी काय किंमत भरली, ते बघून घेऊ. प्रवाशांनी काही नाही. एकही गाडी चुकली नाही. साहेबांनी एक कप चहा. बाईंनी विश्वास, हल्ली त्या वही नंतर उघडतात, आधी ठोकळा उजेडात धरतात. धाकट्याला खुर्ची मिळाली आणि स्थानकाच्या मागल्या दारानं यायचा लांबचा रस्ता मिळाला, कारण पुढल्या दाराशी हरवलेल्या वस्तूंची खोली आहे. परवा त्याची छत्री बसमध्ये राहिली, ती त्यानं सोडून दिली. थोरल्यानं किमतीत एकतीस वर्षांची जागा भरली, ती एकदाच.

वहिनी मात्र रोज भरते. संध्याकाळी तो येतो, हातपाय धुतो, गळ्याला रुमाल बांधतो, पुढ्यात कोमट पाणी घेतो. जीभ आता सरळ चालते, हे तिला बाईंकडून कळलं आहे. ती विचारते, भाजी कुठली करू. तो मान हलवतो.